वीस रुपयांत समुद्र

बॉम्बे पॉइंटच्या कठड्याशी
चार वाजता आबा तिपाई रोवतात,
दुर्बिणीची काच सदऱ्याच्या टोकानं पुसतात
आणि म्हणतात, "वीस रुपयांत समुद्र."
ओरडत नाहीत.
कणसं भाजणारी शेवंता ओरडते, घोडेवाले ओरडतात.
आबा किती वाजले ते सांगावं तसं सांगतात.

माणसं एक डोळा लावतात, दुसरा हातानं झाकतात.
"कुठंय?"
"त्यो मकरंदगड. त्याच्या उजव्या खांद्यावनं खाली उतरा.
राखाडी धूर हाय न्हवं? त्याच्या पल्याड एक रेघ,
ताटलीच्या काठागत. गावली?"
कुणी म्हणतं, हो हो, आहे.
कुणी म्हणतं, काका, ढग आहेत ते.
आबा दोघांचेही पैसे घेतात,
फक्त ढगवाल्याला अजून एकदा फुकट बघू देतात.

सातवीत असताना मीच विचारलं होतं,
आबा, खरंच समुद्रच आहे का तो?
तोवर ते एकदाही खाली उतरले नव्हते.
म्हणाले, "मग सावित्री कुठं जाती?"

आमच्याकडे देवळात पाच नद्या एकाच गोमुखातून पडतात.
कृष्णा, वेण्णा, कोयना उगवतीला निघतात,
वाई, कराड, सांगली करत
इतक्या लांब जातात की पोचेपर्यंत समुद्रच दुसरा असतो.
गायत्रीचं मला नीट ठाऊक नाही.
सावित्री तेवढी मावळतीच्या कड्यावरून उडी टाकते.
घरात माझ्या आळशीपणाबद्दल कुणी बोललं की
आबा म्हणायचे, "ती सावित्रीवर गेलीया. बघालच."

मला नोकरी लागली ती हर्णैच्या दवाखान्यात.

दिवाळीनंतर आबा आले,
आंबेनळी घाटात दोनदा एष्टी थांबवून, ओकून,
पिशवीत नाचणीच्या भाकऱ्या,
फडक्यात गुंडाळलेली दुर्बीण, तिपाई खांद्यावर.
कंडक्टरनं म्हणे तिचंही तिकीट मागितलं.

मी त्यांना किनाऱ्यावर नेलं.
मासळीचा लिलाव उरकला होता,
ओल्या वाळूत खवले चमकत होते.
आबांनी वहाणा हातात घेतल्या.
लाट आली, घोट्यांवरून गेली, पायाखालची वाळू घेऊन गेली.
ते जरा दचकले.
मग वाकून बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं,
नाणं चावून बघतात तसं.
"हां," म्हणाले. "खारट हाय."
तीस वर्षांचा हिशेब जुळला बहुतेक.

सूर्य टेकला तसे सगळे तिकडे वळले.
पुण्याहून आलेलं एक जोडपं पाण्यात उभं राहून फोटो काढत होतं,
होड्या काळ्या पडत चालल्या होत्या.
आबांनी वाळूत तिपाई रोवली
आणि नळी उलटी फिरवली, उगवतीकडे, डोंगराकडे.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग बाजूला सरकले.
"बघ. मकरंदगड. डाव्या खांद्यावनं वर चढ,
तिथं आपला कठडा."

मी डोळा लावला.
निळ्यामागे निळं, त्यामागे आणखी काहीतरी.
ढगच असावेत.
"दिसला?"
"दिसला."
"मग वीस रुपये काढ."

आता वर गिऱ्हाईक कुरकुरलं की आबा म्हणतात,
"चाखून आलोय."
त्यावर कुणाला काही बोलता येत नाही.

सूर्य बुडाला की पॉइंटवर लोक टाळ्या वाजवतात,
जणू कुणी अवघड काम करून दाखवलं.
गाड्या सुरू होतात, कणसांची बुरकुंडं उरतात.
शेवंता सांगते, आबा तेव्हा एकटेच डोळा लावून बसतात,
काही दिसायचं बंद झाल्यावरही.

आठच्या सुमारास त्यांचा फोन येतो.
"आज तुझ्याकडं लई धुकं हुतं."
इथं आभाळ लख्ख होतं दिवसभर.
"हो आबा," मी म्हणते. "होतं."